काचतंतूच्या जुन्या नौका आणि त्यांची गळती

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील त्रेसष्टाव्या सूक्तांत दैवी नौकेचें वर्णन आहे. तेथें ऋषीनें जीं विशेषणें योजिलीं आहेत त्यांत 'अस्रवन्ती' हें एक आहे. न झिरपणारी, जिच्यांत पाणी शिरत नाहीं अशी, हा त्याचा सरळ अर्थ. स्वर्गीय नौकेसही हें विशेषण मुद्दाम लावावें लागलें, यावरून पृथ्वीवरील नौकांची काय स्थिति असेल याचें अनुमान वाचकांनींच करावें. अमरसिंहानें वारिवर्गांत नौकेचीं उपकरणें सांगतांना वल्हें व सुकाणूं यांच्या पंक्तीस 'सेकपात्र' म्हणजे आंतील पाणी उपसण्याचें भांडें आणि 'अभ्रि' म्हणजे नौका खरवडण्याचें लांकडी हत्यार यांसही बसविलें आहे. उपसण्याच्या भांड्यास कोशांत जागा मिळते, याचा अर्थ गळती हा नौकेचा अपघात मानलेला नसून नित्यधर्म मानलेला होता.

प्रस्तुत लेखाचा विषय मात्र इतका प्राचीन नाहीं. काचेच्या बारीक तंतूंचें कापड आणि रेझिन नांवाची कृत्रिम राळ यांच्या संयोगानें जीं शिडाचीं गलबतें विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत तयार झालीं, त्यांची पहिली पिढी आज साठीच्या पलीकडे गेली आहे. त्यांस तडे जातात, फोड येतात, तीं गळतात; आणि त्यांचे मालक हाताशीं येईल तें लुकण तड्यांत दाबून, वर रंग फांसून मोकळे होतात. या गोष्टीचा इतिहाससंशोधनाशीं काय संबंध, असा प्रश्न आमच्या कांहीं मित्रांनीं केला. साठ वर्षांची वस्तु ही इतिहासाची वस्तु नव्हे, असें मानणाऱ्यांशीं आमचा जुना मतभेद आहे. पोथ्यांच्या शोधांत फिरलेल्या प्रत्येकास हें ठाऊक आहे कीं, वस्तु दुर्मिळ झाली म्हणजे तिची किंमत कळते, आणि तोंवर अर्ध्या प्रती वाण्याच्या दुकानीं पुड्या बांधण्यांत गेलेल्या असतात.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें आहे. लांकडी नौकेची गळती थांबविणें आणि काचतंतूच्या नौकेची गळती थांबविणें या दोन भिन्न विद्या आहेत. पहिलीस आम्ही 'फट बुजविणें' म्हणतों, दुसरीस 'कवच सांधणें'. पहिल्या विद्येचे नियम दुसरीस लावल्यामुळेंच जुन्या काचतंतूच्या नौकांचा नाश होत आहे. हा घोंटाळा कसा झाला हें समजण्यास थोडें मागें गेलें पाहिजे.

परमार भोजाच्या नांवावर असलेल्या 'युक्तिकल्पतरु' या ग्रंथांत समुद्रगामी नौकेच्या फळ्या लोखंडानें जोडूं नयेत असें सांगितलें आहे. कारण असें दिलें आहे कीं, समुद्रांतील लोहचुंबक लोखंडास ओढून घेतात व नौका बुडते. फळ्या 'गुणा'नें बांधाव्या, हा तेथील उपदेश. गुण शब्दाचा येथें दोरी हाच अर्थ घेतला पाहिजे. अन्य अर्थ घेणाऱ्यांनीं पश्चिम किनाऱ्यावरील काथ्यानें शिवलेल्या होड्यांचीं वर्णनें वाचावींत. चुंबकाची कथा सोडून द्यावी, पण दोरीनें शिवलेलें अंग लाटेबरोबर लवतें आणि फुटण्याऐवजीं झिरपतें, ही गोष्ट अनुभवाची आहे. लवणाऱ्या अंगाच्या फटी कायमच्या बंद होत नसतात. त्या वर्षानुवर्ष पुनःपुन्हा बुजवाव्या लागतात.

या कामास खलाशांच्या बोलींत 'कालापत्ती' असा शब्द होता. यूल व बर्नेल यांच्या १८८६ सालच्या सुप्रसिद्ध कोशांत तो नोंदलेला असून तो पोर्तुगीज 'कालाफाते' यावरून आला असें तेथें म्हटलें आहे. त्या पोर्तुगीज शब्दाचें मूळ अरबींत असावें असेंही एक मत आहे. तें ग्राह्य धरल्यास, अरबी समुद्राच्या एका काठावरचा शब्द युरोपास वळसा घालून त्याच समुद्राच्या दुसऱ्या काठीं आला असें होतें. शब्दांचे असे प्रवास आमच्या वाचकांस नवे नाहींत. कालापत्तीची क्रिया अशी: दोन फळ्यांमधील सांध्यांत कापसाचा किंवा काथ्याचा पीळ बोथट छिनीनें ठोकावयाचा, वर राळ व तेल यांचें मिश्रण भरावयाचें, आणि नौका पाण्यांत लोटावयाची. लांकूड पाणी पिऊन फुगतें, फळ्या एकमेकींस दाबतात आणि पीळ घट्ट होतो. म्हणजे शेवटचें अर्धें काम पाणीच करतें.

सुरतेच्या सुतारांनीं या सर्वसामान्य रीतीहून निराळी वाट काढली होती. स्टाव्होरिनस नांवाचा डच दर्यावर्दी आपल्या १७७४ ते १७७८ या सफरींत सुरतेस आला होता. त्यानें तेथील पद्धतीचें जें वर्णन केलें आहे त्याचा सारांश असा: फळ्यांच्या कडा सपाट न ठेवतां एकींत दुसरी बसेल अशा खांचून घेत, एका कडेस तांबडा रंग फांसून दुसरी तीवर टेकवीत व रंग जेथें उमटेल तेथील उंचवटा तासून काढीत, दोन्ही कडा तंतोतंत जुळल्यावर त्यांस कालांतरानें लोखंडासारखी कठीण होणारी एक चिकी लावून मध्यें कापसाचा पातळ थर पसरीत, आणि मग फळ्या खुंट्यांनीं इतक्या घट्ट आंवळीत कीं सर्व अंग एकाच लांकडाचें भासे. डांबराचें भरण तेथें लागत नसे. हीच विद्या घेऊन लवजी नसरवानजी वाडिया हे १७३६ च्या सुमारास सुरतेहून मुंबईस आले. १७५० सालीं मुंबईस कोरडी गोदी झाली आणि त्या घराण्यानें पुढें जीं जहाजें बांधलीं त्यांपैकीं १८१७ सालचें 'त्रिंकोमाली' इंग्लंडांत हार्टलपूल येथें आजही पाण्यावर तरंगत आहे.

कठीण होणारी चिकी आणि तिच्यांत रुतलेले तंतु, हें ऐकून काचतंतूच्या कारागिरास आपल्याच धंद्याची आठवण होईल. यावरून फायबरग्लासचा शोध सुरतेस लागला असा सिद्धांत मात्र कोणी मांडूं नये. तसले सिद्धांत मांडणारांची आपल्याकडे वाण नाहीं, म्हणून हें स्पष्ट लिहिलें. सुरतेचा थर फक्त सांध्यापुरता होता. भार लांकूडच वाहत होतें. परंतु सांधा हलूं न देतां नौकेस एकांग करावें ही कल्पना तेथें होती, हें कबूल केलें पाहिजे.

आतां नव्या विद्येकडे वळूं. काचेचे तंतु व्यापारी प्रमाणावर काढण्याची युक्ति अमेरिकेंत ओहायो संस्थानांत १९३० नंतरच्या दशकांत साधली. त्याच संस्थानांतील टोलेडो येथें रे ग्रीन यानें १९४२ सालीं काचतंतु व पॉलिएस्टर रेझिन यांची लहान होडी केली, ती या जातीची पहिली असें सामान्यतः मानतात. १९५९ च्या जानेवारींत न्यूयॉर्कच्या नौकाप्रदर्शनांत पिअर्सन बंधूंनीं 'ट्रायटन' नांवाचें अठ्ठावीस फुटी शिडाचें गलबत मांडलें. त्याचा आराखडा कार्ल अल्बर्ग याचा होता. तेव्हांपासून शिडाच्या लहान गलबतांच्या धंद्यांतून लांकूड मागें पडत गेलें. नव्या द्रव्याची ताकद नेमकी किती हें अनुभवास आलेलें नसल्यामुळें त्या पहिल्या कारागिरांनीं कवचें जाड केलीं. भित्र्या हातांनीं केलेलें काम पुष्कळदां टिकाऊ होतें, त्याचें हें एक उदाहरण.

दोन्ही विद्या एकाच वर्षीं, एकाच शर्यतींत कसोटीस लागल्या. १९६८ सालीं एकट्यानें, कोठेंही न थांबतां, शिडाच्या नौकेंतून पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची स्पर्धा इंग्लंडांतील एका वृत्तपत्रानें जाहीर केली. तींत रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन याची 'सुहैली' ही नौका मुंबईस, येथील सुतारांनीं, हिंदी सागवानाची बांधलेली होती. लांबी बत्तीस फूट. अटलांटिकमध्यें, केप व्हर्ड बेटें मागें टाकल्यावर, ती अधिकाधिक गळूं लागली. पाण्यांत बुडी मारून त्यानें पाहिलें तेव्हां कण्यालगतचा सांधा दोन्ही बाजूंस कित्येक फूट उघडलेला आढळला. पाण्याखालीं पीळ ठोकूं गेल्यास तो बसण्यापूर्वींच निघून येई. मग त्यानें कापसाचा पीळ कॅनव्हासच्या पट्टीवर शिवला, तो सांध्यावर धरून पट्टी तांब्याच्या चुकांनीं ठोकली, आणि वरून तांब्याचा पत्रा मारला. मध्येंच एक मुशी आली. तिला बंदुकीनें मारून काम पुरें करावें लागलें. १४ जून १९६८ रोजीं फालमथहून निघालेली ही नौका २२ एप्रिल १९६९ रोजीं तेथेंच परतली. स्पर्धेंत प्रदक्षिणा पुरी करणारी तीच एक.

त्याच शर्यतींत जॉन रिजवे याची 'इंग्लिश रोझ' ही तीस फुटी काचतंतूची नौका होती. निघतांनाच तिला एका जहाजाची धडक बसली होती. पुढें, डोलकाठीस बाजूनें तोलून धरणारा तारेचा दोर ज्या पट्टीस अडकविलेला होता, त्या पट्टीभोंवतींची फळी फुगून तडकूं लागली, आणि जुलै महिन्यांत ब्राझीलच्या रेसिफे बंदरांत त्यानें स्पर्धा सोडली. यावरून लांकूड श्रेष्ठ व काच कनिष्ठ असें म्हणणें घाईचें होईल. रिजवेची नौका मुळीं किनाऱ्यालगतच्या सहलींसाठीं केलेली होती. आमच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. सुहैलीचा रोग सांध्याचा होता, म्हणून तो समुद्रांत, पाण्याखालीं, सुईदोऱ्यानें व चुकांनीं बरा झाला. दुसरीचा रोग कवचाचा होता. त्याचा उपाय किनाऱ्यावर, कोरड्यांत, घांसून व सांधूनच होणें शक्य होतें.

सुहैलीची पुढील हकीगत संग्रहालयें चालविणारांनीं ध्यानांत ठेवावी अशी आहे. ती ग्रीनिच येथील सागरी संग्रहालयांत ठेविली होती. तेथील कोरड्या, नियंत्रित हवेंत तिच्या फळ्या आकसूं लागल्या. हें पाहून नॉक्स-जॉन्स्टननें २००२ सालीं ती तेथून काढून घेतली आणि पुढें पुन्हा समुद्रांत लोटली. लांकडी नौका कोरडेपणानें मरते. काचतंतूची नौका याच्या अगदीं उलट: ती ओलीनें जीर्ण होते आणि सुकविल्यावांचून बरी होत नाहीं. दोघींस एक औषध देणारा वैद्य दोहोंपैकीं एकीचा प्राण घेणार, हें उघड आहे.

काचतंतूच्या कवचांत ओल शिरते कशी? बाहेरील गुळगुळींत थरास 'जेलकोट' म्हणतात. तो पाणी अडवितो, पण पूर्णपणें नाहीं. वर्षानुवर्ष पाण्यांत राहिलेल्या नौकेंत पाण्याचे सूक्ष्म कण त्यांतून आंत जातात व रेझिनमधील विरघळणारीं द्रव्यें विरघळवून एक दाट द्रव करतात. हा द्रव बाहेरील पाण्यास आणखी ओढून घेतो. मिठाच्या पाण्यांत टाकलेल्या कैरीच्या फोडींतून पाणी निघतें तोच न्याय. दाब वाढून जेलकोटाखालीं फोड येतात. फोड फोडल्यास आंबूस, शिरक्यासारखा वास येतो व द्रव बोटांस तुळतुळींत लागतो. एवढी खूण पुरेशी आहे.

तड्यांचेंही वाचन करतां आलें पाहिजे, आणि येथें पोथी वाचणाऱ्या डोळ्यास खरोखरच काम आहे. एका बिंदूपासून ताऱ्यासारख्या फांकलेल्या रेघा असतील तर तेथें केव्हां तरी आघात झाला असें समजावें. समांतर रेघा एखाद्या आडभिंतीच्या कडेनें जात असतील तर कवच तेथें पुनःपुन्हा लवत आहे; अशा तड्यांत कितीही लुकण भरलें तरी पुढल्या हंगामांत ते उघडतील, कारण दोष तड्यांत नसून लवण्यांत आहे. सर्व अंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखें बारीक तडकणें मात्र बहुधा जेलकोटापुरतेंच असतें. संशय येईल तेथें लहान हातोडीनें टकटक करून ऐकावें. सणसणीत आवाज आला तर थर एकजीव आहेत, बद्द आला तर सुटले आहेत. मडकें घेतांना आपल्या आज्या हेंच करीत असत.

गळतीचें स्थान शोधणें हें सर्वांत कठीण. आंत पाणी जेथें सांचतें तेथें तें शिरलेलें असतेंच असें नाहीं. तें फासळ्यांवरून, अस्तराच्या मागून दूरवर वाहत येतें. आमच्या पाहण्यांतील बहुतेक नौकांत कवच निर्दोष असून दोष निघाला तो कवचास पाडलेल्या भोंकांत: पाणी आंतबाहेर नेणाऱ्या नळ्यांचे तोंड, कण्याचे बोल्ट, सुकाणूंची नळी, दोरांच्या पट्ट्या, आणि अंग व वरची फळी यांचा जोड. म्हणून आधीं आंतला तळ कोरडा करून त्यावर खडूची पूड भुरभुरावी व पहिली ओली रेघ कोठून येते तें पाहावें. नौका काठावर असेल तर आंत थोडें गोडें पाणी ओतून तें बाहेर कोठें पाझरतें हें पाहण्याची रीति अधिक खात्रीची आहे.

स्थान सांपडल्यावर दुरुस्ती. प्रथम अंगावरील मेण व चिकटपणा काढून टाकावा, मगच घांसावें. उलट केल्यास मेण घांसणीबरोबर आंत जातें. कुजका, सुटलेला भाग संकोच न करितां काढून टाकावा. फोडांच्या जागा गोड्या पाण्यानें पुनःपुन्हा धुवाव्या, कारण आंतील आंबट द्रव उरला तर तो पुन्हा पाणी ओढील. मग सुकूं द्यावें. यास आठवडे लागतात, कधीं महिने. आपल्याकडील कोळी बांधव पावसाळ्यांत होड्या काठावर ओढून झांपांखालीं ठेवितात. लांकडास तें मानवतें. काचतंतूची नौका आषाढश्रावणांत सुकेल अशी आशा कोणी करूं नये. कार्तिकापासून माघापर्यंतचा काळ या कामास योग्य.

सुकल्यावर तड्याच्या कडा उतरत्या घांसाव्या. उतार कवचाच्या जाडीच्या बारापट लांब असावा, असा सामान्य नियम आहे. म्हणजे पाव इंच जाडीच्या कवचास प्रत्येक बाजूनें तीन इंच. अर्ध्या इंचाच्या तड्यासाठीं साडेसहा इंच घांसावयाचें, हें ऐकून मालक कचरतात आणि येथेंच लुकणाचा मोह उत्पन्न होतो. पण तुटलेले तंतु पुन्हा जोडतां येत नाहींत. नव्या तंतूंनीं जुन्यांवर लांबवर चढूनच भार उचलावा लागतो, आणि चढण्यास जागा म्हणून हा उतार. घांसतांना नाकातोंडास चांगलें मुसकें बांधावें; काचेची धूळ फुप्फुसांस बाधक आहे.

जुन्या कवचावर नवें पॉलिएस्टर तितकें घट्ट धरत नाहीं. इपॉक्सी नांवाचें रेझिन अधिक धरतें, म्हणून महत्त्वाच्या जागीं तेंच वापरावें. त्यांत दोन पथ्यें आहेत. विस्कळींत तंतूंची जी चटई पॉलिएस्टरसाठीं मिळते, तिच्यांतील खळ बहुधा पॉलिएस्टरमधील स्टायरीननेंच विरघळते. इपॉक्सींत ती तशीच राहते व चटई नीट भिजत नाहीं. तेव्हां विणलेलें किंवा शिवलेलें कापड घ्यावें. दुसरें, दमट हवेंत इपॉक्सीवर मेणासारखी साय येते. ती साध्या पाण्यानें धुवून काढल्याशिवाय पुढचा थर देऊं नये. सर्वांत मोठा तुकडा आधीं लावावा कीं सर्वांत लहान, याविषयीं कारागिरांत दोन शाखा आहेत व त्यांचा वाद वेदपाठकांच्या वादाहून कमी तिखट नाहीं. आम्हांस पहिला पक्ष बरा वाटतो. मोठा तुकडा साऱ्या उताराला एकसंध चिकटतो, आणि शेवटच्या घांसणींत कापले जातात ते वरचे लहान तुकडे.

येथें आमच्या किनाऱ्यावरील एका प्रघाताविषयीं लिहिणें प्राप्त आहे. जुन्या लांकडी होड्यांवर गळती थांबविण्यासाठीं बाहेरून काचतंतूचें आवरण चढविण्याची चाल पडली आहे. लांकूड फुगतें व आकसतें. आवरण तसें करीत नाहीं. आंतून पावसाचें पाणी लांकडांत मुरतें, आवरणामुळें तें बाहेर पडत नाहीं, आणि वरून तुकतुकींत दिसणारी होडी आंतून भुसभुशींत होते. गोव्यांत दिवाडी बेटावर बांधलेली व २००९ सालीं नौदलांत आलेली 'म्हादेई' लांकडी गाभ्याची व काचतंतूच्या आवरणाचीच आहे, आणि तींतून दिलीप दोंदे यांनीं २००९-१० सालीं एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा केली, हें कोणी पुढें करील. पण तेथें कोरडें लांकूड आरंभापासूनच रेझिनमध्यें बंद केलेलें आहे. चाळीस वर्षें पाणी प्यालेल्या मचव्यावर झगा चढविण्याशीं त्याची तुलना होत नाहीं. जुना मचवा जतन करण्याच्या हेतूनें विकत घेणाऱ्या गृहस्थांनीं, त्यावर असें आवरण असल्यास, आंतल्या बाजूनें दाभण टोंचून पाहिल्याशिवाय पैसे मोजूं नयेत.

राहिली ती नोंदीची गोष्ट. पोथीचें फाटलें पान कोणीतरी जाड कागद डकवून दुरुस्त करतो, आणि त्या कागदाखालीं चार अक्षरें कायमचीं जातात. असा अनुभव आमच्या बहुतेक वाचकांस असेल. नौकेवरही हेंच घडतें. घांसून काढलेल्या थरांत किती पदर होते, कोणतें कापड होतें, जाडी किती होती, हें पुन्हा कोणास पाहतां येणार नाहीं. आणि पहिल्या पिढीच्या कारागिरांनीं पुष्कळ काम कागदावर न लिहितां हातानें केलेलें असल्यामुळें तो पुरावा अन्यत्र कोठेंही नाहीं. म्हणून घांसण्यापूर्वीं तड्याचें मोजमाप व छायाचित्र घ्यावें. कापून काढलेल्या भागाचा एक तुकडा, अंगावरील त्याची जागा व दिनांक लिहून, जपून ठेवावा. वापरलेलें रेझिन, कापडाचे थर, सुकविण्यास लागलेले दिवस आणि हवेची स्थिति यांची टिपणी दोन प्रतींत करावी. एक मालकाच्या दप्तरीं असावी, दुसरी मेणकापडांत गुंडाळून नौकेंतच, पाणी पोंचणार नाहीं अशा उंच कप्प्यांत ठेवावी. मालक बदलतो तेव्हां दप्तर बहुधा घरींच राहतें.